मागची चाकं, उजवा पाय

नाशिक हे मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं गाव आहे. बोलेरो, 2002 साली आलेली स्कॉर्पिओ, 2020 ची नवी थार, या सगळ्या इथल्या महिंद्राच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. जानेवारी 2023 मध्ये थारची फोर-बाय-फोर नसलेली, फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी आवृत्ती आली आणि कॉलेज रोडवर ती सारखी दिसते.

गाडी शिकतो ती मात्र आपण पुढच्या चाकांच्या हॅचबॅकवर. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि हळूहळू घराघरातली गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी झाली. त्याआधी अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, जीप चालवणाऱ्यांच्या पायाला मागची चाकं ठाऊक होती. आताच्या मुलांना ती नव्याने शिकावी लागतात, आणि तीही दुप्पट-तिप्पट ताकदीच्या गाडीत.

*

रेस दिली की बोनेट वर येतं आणि मागचा भाग दबतो. हे नुसतं वाटणं नाही, हिशेब करून बघता येतं. समजा गाडी 1,800 किलोची आहे, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2.45 मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून 70 सेंटिमीटरवर. शून्यावरून साठपर्यंत आठ-सव्वाआठ सेकंदांत जाण्याइतकी रेस दिली तर साधारण 100 किलो भार पुढून मागे सरकतो. कांद्याच्या दोन गोण्या डिकीत टाकाव्यात तसा. मागची चाकं जमिनीला जास्त घट्ट धरतात ती यामुळे. जोरकस गाड्यांना मागून ताकद देण्यामागचं एक मोठं कारण हेच.

पण भार सरकायला क्षणभर लागतो. पाय त्याच्या आधी खाली गेला तर गोण्या अजून चढायच्याच असतात आणि चाकं जागेवर फिरतात. म्हणून पहिला अर्धा सेकंद हलक्या पायाचा. भार मागे बसू द्यायचा, मग मागायचं.

*

टायरची पकड एकच असते. वळण्यासाठी वेगळी आणि वेग घेण्यासाठी वेगळी, असं काही नसतं.

घाटातलं 30 मीटर त्रिज्येचं वळण घेऊ. जूनचा पहिला पाऊस पडलेला, डांबरावर धूळ, तेल आणि पाणी यांचा राबडा. पकड समजा 0.4, म्हणजे गाडीच्या वजनाच्या 40 टक्के. तिथून 40 च्या वेगाने वळायचं तर 0.42 लागते, म्हणजे रेस न देताच गाडी सुटणार. 30 च्या वेगाने तेच वळण 0.24 मध्ये होतं. तेव्हा उपलब्ध पकडीतली 60 टक्के वळण्यात जाते आणि वेग घेण्यासाठी तब्बल 80 टक्के हाताशी राहते. बेरीज शंभरावर जाते, कारण दोन्ही जोर एकमेकांना काटकोनात असतात. त्यांचे वर्ग मिळवायचे असतात.

दहा किलोमीटरचा फरक एवढा मोठा आहे. मागच्या चाकांची गाडी वळणाच्या आधी हळू करायची, म्हणजे वळणातून बाहेर पडताना ती मनासारखी धावते.

*

पाठ करून ठेवावा असा एकच नियम: स्टिअरिंग जितकं सरळ, तितकाच पाय खाली. स्टिअरिंग उलगडत जावं तसतसा पाय दाबत जावा. हात आणि पाय एकाच दोरीला बांधल्यासारखे चालले पाहिजेत.

*

डिझेल टर्बोची खोड आधी ओळखून घ्यावी. स्कॉर्पिओ क्लासिकचा 300 न्यूटन-मीटर टॉर्क 1,600 आरपीएमच्या आसपास पूर्ण येतो. त्याच्या खाली गाडी मरगळलेली वाटते. माणूस वैतागून पाय आणखी दाबतो, आणि नेमकं वळणाच्या मध्यावर सगळं बळ एकदम मागच्या चाकांवर येतं. याला उपाय गियरचा. वळणाच्या आधीच असा गियर टाकावा की टर्बो जागा असेल. मग पाय जेवढं मागेल तेवढंच मिळतं, तेव्हाच मिळतं.

*

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. मुख्य रस्त्यावर कारला 120 ची मुभा आहे, म्हणून लोक चढणाऱ्या गोल रॅम्पवरच रेस द्यायला लागतात. इगतपुरीचा पाऊस आणि वळतं स्टिअरिंग अशा वेळी रॅम्प संपेपर्यंत थांबावं. पुढे सरळ पट्टा आहेच, वेग तिथे घ्यायचा.

*

मागून गाडी सुटली की पाय झटकन उचलला जातो. तो उचलू नये. पाय उचलताच भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात, आणि इंजिनचा ब्रेकही त्याच मागच्या चाकांवर लागतो. सुटलेली गाडी आणखी सुटते. पाय थोडा सैल करावा, काढू नये. शेपूट ज्या बाजूला जातंय त्या बाजूला स्टिअरिंग द्यावं, नजर जायच्या रस्त्यावर ठेवावी. आणि गाडी सावरू लागली की स्टिअरिंग तितक्याच चपळाईने सरळ करावं. तिथे उशीर झाला तर गाडी उलट्या बाजूला फेकली जाते, आणि तो दुसरा झटका पहिल्यापेक्षा वाईट असतो.

*

लासलगावला कांदा उतरवून रिकामी परतणारी पिकअप पावसात नीट पाहावी. मागचे पाटे भरल्या मालासाठी बनवलेले, त्यामुळे रिकामी गाडी खड्ड्यावर उडते. वजनाचा मोठा वाटा पुढे, ताकद मागे. निफाडकडे ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती रस्त्यावर आणलेली असते. मुरलेला ड्रायव्हर अशा ठिकाणी दुसऱ्या गियरवर, जेमतेम रेस ठेवून गाडी जाऊ देतो. मातीच्या पट्ट्यावर तो ना पाय वाढवतो ना सोडतो. मला तरी यापेक्षा चांगली शिकवणी ठाऊक नाही.

*

भाच्याला शिकवायला ओळखीच्यांच्या गोदामामागचं पटांगण मिळालं. मालकाला विचारून, आत कुणी नाही याची खात्री करून, पाणी मारून घेतलं. स्टिअरिंग थोडं वळवून त्याने रेस दिली. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीची पिवळी खूण लुकलुकली.

“मामा, लाइट कसला?”

“तुझ्या पायाचं काम कॉम्प्युटरने केलं, त्याचा.”

मग तो लाइट न लागता तेवढंच वळण घ्यायचं, एवढाच अभ्यास ठेवला. तो बुटाचा पुढचा भाग तेवढा पेडलवर ठेवत होता आणि टाच हवेत होती. टाच जमिनीवर टेकवल्याबरोबर पाय स्थिर झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “डोळ्यांना दिसायच्या आधी सीटमधून कळतं की.” कळतंच. शेपूट सरकलेलं पहिल्यांदा कमरेला जाणवतं, ते ऐकायला शिकणं हा अर्धा धडा आहे.

*

महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या विजेच्या गाड्या 26 नोव्हेंबर 2024 ला जाहीर झाल्या. मोटर मागे, मोठ्या बॅटरीला 210 किलोवॅटची ताकद. टर्बोची वाट पाहणं नाही, क्लच नाही, आवाजाची सूचना नाही. पाय हलला की टॉर्क हजर. चाक जागेवर फिरू लागलं की मोटर ते क्षणात आवरते, पण पकड ती निर्माण करू शकत नाही. 0.4 ची पकड 0.4 च राहते.

*

इगतपुरीजवळ महिंद्राची ऑफ-रोड अकादमी आहे. तिथे शिकवतात ते फोर-बाय-फोर, दगडधोंड्यांतलं, पण पाय सावकाश कसा ठेवायचा हे ज्याला समजून घ्यायचंय त्याला तिथलं शिक्षण इथेही कामाला येईल.

*

लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढायला लावतात, रिव्हर्स घ्यायला लावतात. ओल्या रस्त्यावर रेस कशी द्यायची हे कुणी विचारत नाही. मला वाटतं, नाशिकच्या ड्रायव्हिंग स्कूलांनी पावसाळ्याच्या तोंडावर बंदिस्त जागेत, पाणी मारून, एक तास तरी मागच्या चाकांच्या गाडीवर द्यावा. नवी गाडी घेणाऱ्यानेही तो मागून घ्यावा, डिलिव्हरीच्या हार-पेढ्यांच्या आधी. आपल्या गाडीची ताकद आपण हौसेने घेतो. नाशिकच्या द्वारका चौकात शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याने ती घेतलेली नसते. सिग्नल सुटल्यावर आपला पाय कसा खाली जातो, यावर त्याचंही घरी पोचणं अवलंबून असतं.