मिठ्ठू बोलेनासा झाला तेव्हा

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यातून कुणी आखातात कामाला निघाले की घरातल्या वस्तू शेजारीपाजारी वाटल्या जातात. कुंड्या एकाकडे, शिलाई मशीन दुसऱ्याकडे. गेल्या वर्षी शेजारचे कुटुंब कुवेतला गेले आणि त्यांचा मिठ्ठू आमच्या घरी आला. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा पिंजरा सोपवताना हुंदके देत होता. "एवढ्याशा पाखरासाठी रडतोस?" असे कुणीतरी म्हणाले. तेव्हा माझ्या सासूबाईंनी हजरत अनस (र.) यांच्या धाकट्या भावाची, अबू उमैरची हकिकत सांगितली. त्याचे खेळायचे पाखरू मेले आणि पोर खिन्न झाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या पाखराबद्दल आपुलकीने त्याची विचारपूस केली होती. मग कुणी काही बोलले नाही.

मिठ्ठू म्हणजे हिरवा-पिवळा बजरीगर. बाजारात याला 'लव्हबर्ड' म्हणून विकतात, पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेकडचे आणि बजरीगर ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या कोरड्या माळरानांवर हे पक्षी थव्याने राहतात आणि सतत एकमेकांना साद देतात. (आपल्या झाडांवरचा हिरवा पोपट मात्र घरात ठेवू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे.)

जुन्या घरी मिठ्ठू येणाऱ्या-जाणाऱ्याला "सलाम" म्हणायचा. आमच्याकडे तो दाणे खाई, पाणी पिई, पण गप्प बसे. तिसऱ्या आठवड्यात छातीची पिसे उपटू लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासले. आजार नव्हता, अंगावर किडेही नव्हते. त्यांनी विचारले, "दिवसभर याच्याजवळ कोण असते?" मुले शाळेत, मी आणि हे कामावर. सासूबाई घरात असत, पण त्या आतल्या खोलीत आणि पिंजरा गॅलरीत. थव्यात राहणारा जीव दिवसभर एकटा होता.

डॉक्टरांनी औषध दिले नाही, कामे सांगितली. पिंजरा बैठकीत आणला आणि एक बाजू भिंतीला लावली, म्हणजे पक्ष्याला पाठीशी आधार वाटतो. स्वयंपाकघरात ठेवायचा नाही, कारण नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतो. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या धुऊन बसवल्या. वाटीभर राळे समोर ठेवण्याऐवजी थोडे दाणे पालेभाजीच्या पानांत लपवून ठेवू लागलो. रानात अन्न शोधण्यात पक्ष्याचा दिवस जातो, पिंजऱ्यात तेच काम हिरावले जाते. ओली कोथिंबीर टांगली की मिठ्ठू तिच्यात अंग घासून आंघोळ करी. मगरिबनंतर तासाभरात पिंजऱ्यावर सुती कापड पडे, कारण याला दहा ते बारा तास शांत झोप लागते. संध्याकाळी पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर चादर, आणि तासभर खोलीत मोकळे उडणे.

सगळ्यात मोठे काम सासूबाईंनी केले. त्या तस्बीह घेऊन पिंजऱ्याजवळ बसू लागल्या. त्याला हात लावायचा नाही, बोलावायचे नाही, फक्त जवळ बसायचे. पंधरा-वीस दिवसांनी तो त्यांच्या बाजूच्या फांदीवर येऊन बसू लागला. झोपण्याआधी चोच हळू करकर घासू लागला, ही निवांतपणाची खूण. दोन-तीन महिन्यांत छातीवर नवी पिसे आली, आणि एका सकाळी धाकटीला तो "सलाम" म्हणाला. ती दिवसभर नाचत होती.

डॉक्टरांचे एक सांगणे उरले होते, जोडीदार आणा. धाकटीने साफ नकार दिला. "दुसरा आला की तो आपल्याशी बोलणार नाही." तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. जोडीला राहणारे पक्षी माणसांशी कमी बोलतात. घरात आठवडाभर वाद चालला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आपण सगळे लग्नाला गेलो, आजारी पडलो, तर त्याचे कोण?" त्यावर धाकटीकडे उत्तर नव्हते.

गावातल्याच एका पक्षी पाळणाऱ्याकडून निळा नर आणला. नाकपुड्यांचा भाग मोठ्या नरात सहसा निळा आणि मादीत तपकिरी असतो, एवढे पाहून घेतले. दोन नर सहसा गुण्यागोविंदाने राहतात आणि पिल्लांचा प्रश्न येत नाही. महिनाभर त्याला वेगळ्या खोलीत ठेवले, म्हणजे काही आजार असलाच तर कळतो. मग दोन पिंजरे शेजारी, आणि दहा दिवसांनी एकत्र.

मिठ्ठू आता "सलाम" म्हणत नाही. दिवसभर दोघांची किलबिल चालते, एकमेकांच्या मानेची पिसे विंचरणे चालते. धाकटी काही दिवस रुसली. अजूनही ती रोज सकाळी पिंजऱ्यापाशी जाऊन "सलाम" म्हणते, थोडी थांबते आणि पाणी बदलते.

ईदला मुले पाखरू मागतात आणि आपण पिंजऱ्याची किंमत विचारतो. त्याआधी घरात बसून ठरवावे की दिवसा जवळ कोण असेल, संध्याकाळचा तास कोण देईल आणि सुट्टीत गावी गेल्यावर कोण पाहील. तिन्ही कामांना माणूस मिळाला तर पाखरे आणावीत, आणि आणताना दोन आणावीत.