हजार ग्रह आणि एक म्हातारी

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळणे झाले, फराळाची ताटे रिकामी झाली, बहिणीला डुलकी लागली आणि माझ्या बारा वर्षांच्या भाचीने मला टीव्हीपुढे आणून बसवले. "मामा, तू नुसता बघ. डोळे दिपतील तुझे!" डोळे दिपवणाऱ्या गोष्टींचा मला मास्तरकीमुळे जरा संशयच येतो. पण भाऊबीजेला भाचीचा शब्द मोडणारा मामा अजून जन्मायचा आहे.

चित्रपट होता 'व्हॅलेरियन अँड द सिटी ऑफ अ थाउजंड प्लॅनेट्स'. लुक बेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाने 2017 साली काढलेला. क्रिस्तँ आणि मेझिएर या जोडीच्या 1967 पासूनच्या चित्रकथांवर बेतलेला.

आरंभ पाहिला आणि माझा संशय कुठच्या कुठे गेला. 1975 साली अमेरिकेचे अपोलो आणि रशियाचे सोयूझ अंतराळात जोडले गेले, दोन्हीकडच्या वीरांनी हातात हात घेतले. तिथून सुरुवात. वर्षे सरतात, स्थानक वाढत जाते, नव्या नव्या देशांची माणसे दारातून आत येतात आणि यजमान हात पुढे करतो. मग एके दिवशी दारातून येतात ती माणसेच नसतात! यजमान क्षणभर थबकतो. ह्यातला हात कोणता? पण तोही हात पुढे करतो. बोलणे जवळजवळ नाहीच. पाच मिनिटांत केवढी गोष्ट सांगून झाली! मी भाचीला म्हटले, "वा!" ती म्हणाली, "थांब, अजून खूप आहे."

खूप होतेच. मोत्यांचा समुद्रकिनारा होता. ओसाड वाळवंटात खास चष्मे चढवून हिंडायचा अदृश्य बाजार होता. तिथे नायकाचा हात एका जगात अडकतो आणि बाकीचा नायक दुसऱ्या जगात! पण हा नायक नायिकेला लग्नाचे विचारतो ते आमची त्यांची धड ओळखही झालेली नसताना. ती हो म्हणेल की नाही याची काळजी मला कशी वाटावी? क्षणाक्षणाला रूप पालटणारी एक नर्तकी येते, बिचारी जीव लावते, मरते. लगेच पुढचे दालन, पुढची रोषणाई. शेवटी तर पात्रे उभी राहून सगळे रहस्य समजावून सांगतात. तास संपत आला की मी धडा उरकतो, अगदी तसे.

संपल्यावर भाची गप्प होती. मग म्हणाली, "मामा, ती मोत्यांच्या गावातली मुलगी दाराबाहेर राहिली ना? आई-बाबा आत आणि ती बाहेर. तिच्यासाठी नंतर कुणी रडलंच नाही नीट."

मी काहीतरी उत्तर दिले. माझे चित्त मात्र माडीवरच्या कपाटात गेले होते. तिथे माझ्या कादंबरीचे हस्तलिखित पडून होते. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला, त्यावर लिहिलेले. एका प्रकाशकाने ते परत पाठवताना दोनच ओळी खरडल्या होत्या: पाणी उत्तम उतरले आहे, माणसे दिसत नाहीत. ते पत्र मी वर्षभर मनात घोळवले होते आणि त्या गृहस्थाला नाही नाही ती विशेषणे बहाल केली होती.

रात्री सगळे निजल्यावर दिवा लावला. पाण्याला मी एकतीस पाने दिली होती. पाण्याचा रंग, वास, पत्र्यांवरून जाताना होणारा आवाज... वाचताना अजूनही मान डोलत होती, लपवू कशाला? आणि त्याच पानांत एक म्हातारी होती. होडीत बसवलेली, पण काहीतरी आणायला मागे वळते आणि जाते. दीड ओळ. पुढच्या ओळीत पुन्हा पाणी.

काय आणायला वळली ती? लिहिणारा मी, आणि मलाच ठाऊक नव्हते. कोरा कागद ओढला. गाठोडे? नवऱ्याचा फोटो? दावणीची शेळी? पहाटे बहीण पाणी प्यायला उठली, तिने दारातून डोकावून विचारले, "दादा, झोपला नाहीस?"

"तुझ्या सासूबाई," मी म्हटले, "घर सोडताना काय घेतल्याशिवाय निघायच्या नाहीत गं?"

ती उंबऱ्यावर बसली आणि सांगू लागली.