डावा आरसा

मॅटाडोर ही गाडी आता रस्त्यावर क्वचितच दिसते. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोच्या कारखान्यात ती बनत असे. त्या कंपनीचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं. लग्नाचं वऱ्हाड, बँडवाले, शाळेची मुलं, दुधाचे कॅन, आणि आमच्या मिरज-सांगली भागातलं वडाप, एका पिढीचं सगळं ओझं मॅटाडोरनं वाहिलं. आमच्या घरची गाडी १९९६ सालच्या नोंदणीची. अब्बांनी ती जुनी घेतली, मागची आसनं काढली, फळ्यांचा माचा ठोकून घेतला, खाली पेट्या सरकवायला जागा ठेवली. खिडक्यांना पडदे, कोपऱ्यात स्टोव्ह, आणि वजूच्या पाण्यासाठी तोटीचा ड्रम. परदेशात अशा गाडीला कॅम्पर म्हणतात. आमच्या मोहल्ल्यात तिला ‘घरवाली मोटार’ म्हणतात, आणि अम्मी समोर असली की जरा हळू म्हणतात.

ही हौस नव्हती. आम्ही उरुसांना जाणारी माणसं. गुलबर्गा, खुल्दाबाद, विजापूर, वाटेत सोलापूरचे नातेवाईक. माणसं आठ-नऊ, त्यात म्हातारी आणि लेकरं. लॉजवर खोली रिकामी आहे असं फोनवर कळायचं, आणि वहीत नाव लिहायला घेतलं की ती भरलेली निघायची. प्रत्येक वेळी असं झालं असं नाही. पण रात्री अकरा वाजता झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन पुढचं लॉज शोधणं दोन-तीनदा घडलं, तेवढं पुरे झालं. अब्बा कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी सुताराला बोलावलं.

तर ह्या गाडीच्या आरशांविषयी. १९८० आणि १९९०च्या दशकांत आपल्याकडच्या कितीतरी मोटारी कारखान्यातून फक्त उजवा आरसा लावून यायच्या. डावी बाजू माणसाच्या भरवशावर. ट्रकला क्लीनर असे, तो दाराच्या पत्र्यावर थाप मारून सांगे. एसटीला कंडक्टरची घंटी. आमच्या मॅटाडोरला डावा आरसा होता, पण नावापुरता. बोटभर जाड सळईच्या टोकाला तळहाताएवढी सपाट काच. डिझेल इंजिन सुरू झालं की सळई थरथरे आणि काचेतला रस्ता ढवळलेल्या पाण्यातल्या बिंबासारखा हले. त्यामुळे खरा डावा आरसा म्हणजे अम्मी. ती पुढे डावीकडे बसे, ओढणी दाताखाली धरून खिडकीबाहेर डोकं काढी आणि म्हणे, “आन दो, आन दो… बस!” वीस वर्षं गाडी तिच्या ह्या बोलावर वळली. तिला गाडी चालवता येत नाही, पण मागचं चाक गटारापासून किती बोटं आहे हे तिच्याइतकं अचूक आमच्यात कुणालाच सांगता येत नसे.

२०१७ च्या पावसाळ्यात ख्वाजा बंदानवाजांच्या उरुसाहून परतताना सोलापुरात एका चौकात अब्बा डावीकडे वळत होते. अम्मी म्हणाली, “चलो.” त्याच क्षणी रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं आणि अब्बांनी ब्रेक दाबला. फुटपाथ आणि गाडी यांच्यामध्ये शाळेचा गणवेश घातलेला एक मुलगा सायकलसह उभा होता. हँडलनं पत्र्यावर वीतभर ओरखडा काढला होता, बाकी काही नाही. मुलगा आमच्याकडे रागानं बघून निघून गेला. अम्मीचे हात कापत होते. ती घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलत होती, “उधर कोई नै था.”

आणि ती खरं बोलत होती. तिच्यापुरतं तिथे कुणी नव्हतंच. डोळ्यांच्या दवाखान्यात दाब मोजला, पडद्यामागची नस पाहिली, मग तिला एका वाटीसारख्या यंत्रापुढे बसवून हातात बटण दिलं. उजेडाचा ठिपका दिसला की दाबायचं. कागदावर निघालेल्या नकाशात दोन्ही डोळ्यांच्या कडा काळ्या होत्या. काचबिंदू. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते, बऱ्याचदा आतल्या दाबामुळे. दुखत नाही, लालसर होत नाही. बहुधा बाजूची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. म्हणून अम्मी सुईत दोरा ओवत होती, रोज सकाळी चष्मा लावून कुरआनचं एक पान वाचत होती. गेलेला भाग काळा दिसत नाही हेच ह्या आजाराचं कपट. मेंदू तिथे आजूबाजूचाच रस्ता भरून टाकतो, फक्त सायकलवाला वगळून. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायला थेंब असतात, ते कायमचे. डॉक्टरांनी आम्हा भावंडांनाही रांगेत बसवलं, कारण हा आजार रक्ताच्या नात्यात फिरतो.

मग आरशाचं काम निघालं. मिस्त्रीनं आधी बाजारात मिळणारा रुपयाएवढा गोल फुगीर आरसा जुन्या काचेवर चिकटवून दिला. थरथरणाऱ्या काचेवर तोही थरथरू लागला. मुळात दुखणं काचेचं नव्हतं, सळईचं होतं: एका टोकाला धरलेली लांब सळई हलणारच. शेवटी कोल्हापुरात जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून मिनीबसचे दोन उभे आरसे आणले, वर आणि खाली अशा दोन ठिकाणी आवळले जाणारे. दाराचा पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. त्याला आतून लोखंडी पट्टी लावली, रेड ऑक्साइड मारलं, मध्ये रबरी वॉशर घातले, नटावर चेकनट चढवला. दोन दिवस गेले. इंजिन सुरू केलं तेव्हा आरशातला मशिदीचा मिनार जागचा हलला नाही, ह्याचा मिस्त्रीला इतका आनंद झाला की त्यानं चहा स्वतःच्या पैशानं मागवला.

उजवीकडे सपाट काच ठेवली, डावीकडे बहिर्वक्र. चालकाचा डोळा उजव्या आरशापासून हातभर असतो, डाव्यापासून दीड मीटर. खिडकीपासून दूर उभं राहिलं की बाहेरचं कमी दिसतं, तसंच हे. डावीकडे सपाट काचेत रस्त्याची एक चिंचोळी पट्टीच सापडते. फुगीर काचेत सगळा रस्ता येतो, पण लहान होऊन. आम्ही वहीवर गणित मांडलं. आमच्या आरशाची वक्रता-त्रिज्या साधारण १.२ मीटर. मागची मोटारसायकल दहा मीटरवर असो की शंभर, तिची प्रतिमा काचेमागे साठ सेंटीमीटरच्या आतच पडते. आणि दहा मीटरवरची मोटारसायकल सपाट आरशात दिसली असती त्याच्या एक तृतीयांश दिसते, म्हणजे ती तीस-पस्तीस मीटरवर असावी असं मन धरून चालतं. आरशातल्या वस्तू दिसतात त्याहून जवळ असतात, ही काचेवरची सूचना काही उगाच छापत नाहीत. अब्बांना ही सवय लागायला दोन महिने लागले. तोवर ते दोन्ही आरसे पाहत आणि वर मानही वळवत.

ह्या गणितामागे आपल्याला ओळखीचं एक नाव आहे. बसऱ्यात ९६५ च्या सुमारास जन्मलेल्या इब्न अल-हैसमनं कैरोमध्ये ‘किताबुल मनाझिर’ लिहिलं. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात हे जुनं मत त्यानं खोडून काढलं. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो असं मांडलं. डोळा इथे, वस्तू तिथे, तर गोल आरशाच्या नेमक्या कुठल्या बिंदूवरून प्रकाश परतेल, हा प्रश्न त्यानं भूमितीनं सोडवला, आणि युरोपात तो प्रश्न त्याच्याच नावानं ओळखला जातो. सभांमधून आपण त्याचं नाव मोठ्या अभिमानानं घेतो. त्याच मोहल्ल्यात नेत्रतपासणीचं शिबिर लागलं की बायकांच्या खुर्च्या रिकाम्या राहतात, कारण ‘दिसतंय की’. अम्मीलाही दिसतच होतं.

नवा आरसा पाहून ती पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली, “मेरा काम कांचकू दे दिये क्या?” अब्बांनी उत्तर दिलं नाही. पण डावा आरसा एकट्यानं लावता येत नाही. चालकाच्या जागेवर एकानं नेहमीसारखं बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून काच फिरवायची. गाडीची कड आतल्या बाजूला बोटभर दिसली पाहिजे, क्षितिज अर्ध्याच्या जरा वर. अब्बा चाकामागे बसले, अम्मी बाहेर काच धरून उभी राहिली, आणि ह्या वेळी “आन दे… और थोडा… बस!” अब्बा म्हणाले. ती अजूनही पुढे डावीकडेच बसते. खिडकीबाहेर डोकं काढत नाही, पण गाडी वळताना तिचे ओठ हलतात. दुआ की जुने बोल, आम्ही विचारत नाही.

गाडीची पुनर्नोंदणी दर पाच वर्षांनी करावी लागते, तो खर्च आणि कटकट दोन्ही वाढतंच आहे. मॅटाडोर विकून टाका असं सांगणारे खूप आहेत. प्रवासात आता रात्री नऊला, जिथे असू तिथे, गाडी थांबते. माच्यावरचा दिवा लावून अम्मीच्या दोन्ही डोळ्यांत थेंब घालायचे, मग तिनं डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. तेवढ्या वेळात अब्बा जुनं वर्तमानपत्र ओलं करून दोन्ही आरसे पुसून घेतात.