ह्यांच्या नावावरचा गॅस

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. विषय घरगुती आहे, गॅसचा. पण हल्ली स्वयंपाकघरातसुद्धा तंत्रज्ञान आणि राजकारण दोन्ही येऊन बसतात, त्याला मी काय करणार?

आमच्या सांगलीच्या घरात गॅस आला तो १९८३ साली. त्याआधी वातीचा स्टोव्ह आणि रॉकेलची रांग. शाळा सुटली की एका हातात वह्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन मी रांगेत उभी राहत असे. पुढे एखादा विद्यार्थी असला आणि "बाई, तुम्ही पुढे व्हा" म्हणाला की लाज वाटे, पण पुढे होत असे! गॅससाठी नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट बघावी लागे. आमचा नंबर लागला तेव्हा ह्यांनी पेढे आणले. कनेक्शन अर्थातच ह्यांच्या नावावर. स्वयंपाक माझा आणि गॅस ह्यांचा, हे तेव्हा कुणालाच खटकले नाही. मलाही नाही.

ह्यांचे टाकीवर बारीक लक्ष. कॅलेंडरवर तारीख लिहायची, सील बघायचे, साबणाचे पाणी लावून गळती तपासायची. टाकीच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि आकडा असतो, तो वाचायला त्यांनीच मला शिकवले. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, अशी डीपर्यंत चार अक्षरे आणि पुढे वर्ष. सी-२७ असेल तर २०२७ च्या सप्टेंबरपर्यंत ती टाकी तपासणीला जायला हवी. तुम्हीही बघत जा. मुदत उलटलेली दिसली तर टाकी सरळ परत पाठवा.

२०१५ साली ऐपत असलेल्यांनी सबसिडी सोडावी असे आवाहन झाले. ह्यांनी मला न विचारता सोडून टाकली. चार दिवस मी बोलले नाही. "दोन पेन्शनी येतात, आपल्याला काय कमी आहे?" हे त्यांचे म्हणणे. पुढे २०२० पासून बहुतेकांच्या खात्यात सबसिडी येणेच बंद झाले. मी म्हटले, "तुम्ही सोडली, लोकांची सुटली." हे नुसते हसले.

ऑगस्ट २०२३ मध्ये टाकी २०० रुपयांनी उतरली, मार्च २०२४ मध्ये महिला दिनाला आणखी १०० रुपयांनी. मग लोकसभेची निवडणूक झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये चढले. निवडणूक आली की टाकी हलकी होते, हे भौतिकशास्त्रात बसत नाही, पण मी नागरिकशास्त्र शिकवत होते, त्यात बसते. सगळेच पक्ष तसे. मात्र उज्ज्वला योजनेत आमच्या कामवाल्या बाईंना गॅस मिळाला, त्यांचा धुराचा खोकला कमी झाला, हेही खरे. आणि त्यांनी चूल मोडलेली नाही, हेही खरे. टाकीला पैसे नसतील त्या महिन्यासाठी ती ठेवली आहे.

हे सगळे ऐकायला हे नाहीत. २०२३ च्या जानेवारीत गेले. गॅस त्यांच्या नावावर, मोबाईल नंबरही त्यांचाच. टाकी नोंदवली की कोड त्यांच्या बटणांच्या फोनवर यायचा, तो सांगितल्याशिवाय टाकी मिळत नाही. म्हणून मी तो फोन चार्ज करत राहिले, रिचार्ज मारत राहिले. मुलगा पुण्याहून म्हणे, "आई, नंबर बदलायला पाच मिनिटं लागतात." मी म्हणे, कागदपत्रांची कटकट आहे. खरे सांगायचे तर कटकट नव्हती. त्यांच्या टेबलावर तो फोन टुण्ण वाजला की घरात कुणीतरी आहे असे वाटायचे.

शेवटी केवायसीचे निघाले. एजन्सीतला मुलगा मान वर न करता म्हणाला, "ज्यांच्या नावावर गॅस आहे त्यांना घेऊन या."

"कुठून आणू, बाळ?"

बिचारा ओशाळला. खुर्ची दिली, कागदांची यादी लिहून दिली. मृत्यूचा दाखला, माझे आधार कार्ड, मुलांची संमती, आणि अनामत भरल्याची जुनी पावती. ती पावती ह्यांच्या फायलीत जागच्या जागी सापडली. वर लाल शाईने लिहिलेले, "मूळ प्रत. हलवू नये." मी ती हलवली.

यंत्राला माझा अंगठा ओळखता येईना. ३२ वर्षे खडू आणि त्याहून जास्त वर्षे भांडी, रेषा राहणार कुठून? मग चेहरा दाखवायचा ठरला. "आजी, डोळे मिचकावा," तो म्हणाला. वर्गात हे कुणी म्हटले असते तर बाकावर उभे केले असते! मिचकावले.

परवा पहिल्यांदा कोड माझ्या फोनवर आला. टाकीवाला पावती बघून म्हणाला, "काकू, काकांचं नाव गेलं की."

"गेलं बाबा," म्हटले.

तुमच्याकडे गॅस किंवा वीज अजून गेलेल्या माणसाच्या नावावर असेल तर बदलून घ्या, अडचण सांगून येत नाही. त्यांच्या फोनचे रिचार्ज या महिन्यात संपते आहे. मारायचे की नाही ते अजून ठरवलेले नाही.

टाकीवर बी-२८ होते. साबणाचे पाणी लावले, कॅलेंडरवर तारीख लिहिली. एकटीला टाकी तीन महिने जाते.