मांडीवरून मांडीवर

मार्गशीर्षातल्या एका पहाटे पार्किंगमध्ये, स्कूटरच्या चाकाला अंग घासत ती कुईकुई करत होती. पावसाळा सरता सरता रस्त्यावरच्या कुत्र्या माजावर येतात, ६३ दिवसांच्या आसपास व्यातात, आणि मग अशी पिल्लं ऐन कडाक्याच्या थंडीत सापडतात. दीड महिन्याची असेल. रंग खारकेचा, म्हणून नाव खारीक.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. गाईचं दूध द्यायचं नाही, पोट बिघडतं. आणि लसीचे सगळे डोस होईपर्यंत बाहेर जमिनीवर ठेवायचं नाही. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि एवढ्याशा जिवाला दोन-तीन दिवसांत नेऊ शकतो. हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली. रात्री उठून मी तिच्या पोटाला हात लावून बघायची, श्वास चालू आहे ना.

रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी वेताळ टेकडीवर जातो. त्या रविवारी खारीक माझ्या शबनममध्ये होती, फक्त नाक बाहेर. खाणीच्या कडेला, नेहमीच्या दगडांवर बसलो, थर्मास उघडला, आणि ती या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागली. खाली तर ठेवायची नव्हती! कुणाच्या ओढणीचं टोक चघळलं, कुणाच्या बांगडीवर दात शिवशिवले. दुधाचे दात सुईसारखे असतात. एकीनं लेकीच्या नोकरीची बातमी सांगितली, चिक्कीचे तुकडे वाटले, आणि आम्ही एवढ्या मोठ्यानं हसलो की खालच्या झाडीतून मोर ओरडला.

मग पिल्लू चौथीच्या मांडीवर गेलं आणि झोपलं. ती बराच वेळ त्याच्या कानामागून बोट फिरवत राहिली. खाली बघतच म्हणाली, "आई काल बाबांचं ताट वाढून बसली होती. ते जाऊन नऊ वर्षं झाली गं."

कुणी काही बोललं नाही. दर रविवारी भेटत होतो, फोनवर बोलत होतो, तरी हे तिला सांगता आलं नव्हतं. मला वाटतं, समोर बसून डोळ्यांत बघणाऱ्या माणसापेक्षा मांडीवरच्या उबेशी बोलणं सोपं जातं. आम्ही फक्त शेजारी होतो. एकीनं तिचा गार झालेला चहा ओतून दिला आणि कपात नवा भरला. "यापुढे मंगळवारी मी येऊन बसत जाईन काकूंजवळ," दुसरी म्हणाली. उतरताना खारकेला चौथीनंच घेतलं. मी मागितली नाही.

आता रात्री दोनला खारीक कुरकुरली की मी बिनदिक्कत त्या मैत्रिणीला मेसेज टाकते. बहुतेकदा तीही जागीच असते. आई घरभर फिरत असते. मग फोन लावते, काकू फोन हातात घेतात आणि विचारतात, "पिल्लू आणलंस म्हणे? नाव काय ठेवलं?"

"खारीक, काकू."

त्या प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या खुदकन हसतात आणि म्हणतात, "अगं, मग रात्री दुधात भिजत घाल हो तिला."

"हो काकू," मी म्हणते.