नाकाची गोष्ट

मराठी माणसाने आपल्या भाषेत नाकाला जेवढा मान दिला आहे, तेवढा डोळ्यांनाही दिला नसेल. नाक उंच असते, नाक कापले जाते, नाकी नऊ येतात आणि नाकापेक्षा मोती जड झाला की घराचे स्वास्थ्य बिघडते. मार्कंडेय नदीच्या आसऱ्याने कंग्राळीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या आम्हा मराठी घरांना नाक म्हणजे प्रतिष्ठा, एवढेच ठाऊक होते. त्या नाकाच्या आत मरण दबा धरून बसू शकते, हे आम्हांला तात्यांच्या आजारपणाने शिकवले.

२०१७ च्या पावसाळ्यात तात्यांची, म्हणजे आमच्या धाकट्या चुलत्यांची, डावी नाकपुडी चोंदली. भातलावणीत भिजल्याची सर्दी म्हणून आम्ही वाफ दिली, वेखंड उगाळले. दसऱ्यापर्यंत नाकातून रक्ताळलेल्या, दुर्गंधीयुक्त खपल्या पडू लागल्या. डोळ्याखाली सूज आली. सायनस म्हणून औषधे चालू होती. एकदा तपासणीसाठी तुकडाही काढला गेला. त्यात नुसत्या मृत पेशी निघाल्या. ‘कर्करोग आढळला नाही’ एवढेच वाक्य वाचून आम्ही पेढे वाटले.

त्या पेढ्यांची चव आजही कडू वाटते. हा रोग रक्तवाहिन्यांना घेरतो, त्यामुळे भोवतालचे मांस मरते आणि मेलेला तुकडा साक्ष देत नाही. अशा वेळी पुन्हा, अधिक खोलवरचा तुकडा घ्यावा लागतो. हे आम्हांला २०१८ च्या जानेवारीत, परळच्या टाटा रुग्णालयात कळले. १९४१ पासून उभ्या असलेल्या त्या वास्तूत दुसरा तुकडा बोलला : नाकातील एनके-टी पेशींचा लिम्फोमा. चीन, जपान, कोरियात अधिक आढळणारा, आपल्याकडे विरळा. १९६४ मध्ये शोधल्या गेलेल्या एपस्टाइन-बार विषाणूशी त्याचे निकटचे नाते. हा विषाणू बहुतेक माणसांच्या शरीरात निमूटपणे राहतो. फार थोड्यांच्याच बाबतीत तो असा उलटतो.

पेट-स्कॅन झाले, अस्थिमज्जा तपासली. रोग नाकाबाहेर पसरलेला नव्हता. ‘पहिली पायरी’, डॉक्टर म्हणाले. पायरी या शब्दाने एवढा दिलासा मिळेल असे कधी वाटले नव्हते.

सीमाभागातील ८६५ गावांना आपल्या आरोग्य योजनेचा लाभ देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. आमची धावपळ त्याच्या कितीतरी आधीची. कन्नड कागदपत्रांची भाषांतरे करून घेत, उसनवारी करीत आम्ही मुंबईत दिवस काढले.

इतर लिम्फोमांवर चालणारी नेहमीची काही औषधे या पेशी बाहेर ढकलून देतात. म्हणून उपचाराची वाट वेगळी. ॲस्पॅराजिनेज नावाचे विकर रक्तातील एक अन्नघटक संपवते. निरोगी पेशी तो स्वतः बनवतात, रोगट पेशींना ते साधत नाही आणि त्या उपाशी मरतात. गिनीपिगच्या रक्तद्रवात ही शक्ती असल्याचा पहिला सुगावा १९५३ मध्ये लागला होता. कुठला तो प्राणी आणि कुठले आमचे तात्या! या औषधाच्या फेऱ्यांनंतर चेहऱ्यावर जाळीदार मुखवटा बसवून किरणोपचार झाले : आठवड्याचे पाच दिवस, पाच आठवडे, एकूण ५० ग्रे. तोंड आले, घास उतरेना, रक्त गोठण्याच्या तपासण्या वरचेवर होत.

रोगाचे भवितव्य तात्यांपासून लपवावे, असा आम्ही घरातल्यांनी ठराव केला होता. पण एका रात्री तात्यांनीच विचारले, “शंभरात किती जण वाचतात, तेवढं सांग बघू.” आमच्याने खोटे बोलवेना. नुसत्या किरणांच्या काळात सुमारे निम्मेच तरत. किरणांना योग्य औषधांची जोड मिळाल्यावर चित्र पालटले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात, आरंभीच्या पायरीवरचे ७८ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतरही हयात होते. आम्ही म्हणालो, “पाऊणशे तरी.” तात्या क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “पेरलेल्यातलं पाऊण उगवलं, तर त्याला आपण चांगलं साल म्हणतो. मग आजवर गप्प का होता?”

त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

रोग उलटायचा तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. ती वर्षे आम्ही दिवस मोजून काढली. आता तात्यांची वर्षातून एकदा तपासणी होते. मात्र गंध पूर्ण परतला नाही. नव्या बासमतीचा भात चुलीवर चढला की तात्या विचारतात, “वास कसा सुटलाय रे?” आम्ही सांगतो, आणि ते मान डोलावतात.

वाचकांना एकच सांगणे. एकाच नाकपुडीचे चोंदणे, रक्त, दुर्गंधी, चेहऱ्याची सूज काही आठवड्यांत हटली नाही, तर नाक-कान-घशाच्या तज्ज्ञाला गाठावे. आणि अहवालात नुसत्या मृत पेशी आल्या, तर पेढे आणण्याआधी पुन्हा तुकडा काढायचा का, हे विचारावे.