काडी आणि पत्रा

मोटारीच्या टपावर रेडिओची काडी बसविणे हा काही निबंधाचा विषय नव्हे, असे आम्हांस परवापरवापर्यंत वाटत असे. लासूर स्टेशनच्या बाजारपेठेत दोन तास उन्हात उभे राहिल्यावर मात्र हे मत बदलणे भाग पडले.

गेल्या वर्षापासून दर मंगळवारी आम्ही तीर्थरूपांना घेऊन छत्रपती संभाजीनगरास इस्पितळात जातो. वाट तासाभराची. बापलेकांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे अशी चाल आमच्या घराण्यात नाही. नाना खिडकीबाहेरच्या कपाशीकडे पाहतात, आम्ही रस्त्याकडे. ही कोंडी फोडावयास गाडीत रेडिओ होता. पण त्याची काडी आधीच्या मालकाकडेच मोडली होती.

शहरातल्या दुकानदाराने तीन नमुने पुढे मांडले: एकात एक सरकणारी लांब काडी, काचेस आतून चिकटविण्याची पट्टी आणि माशाच्या पंखासारखा एक चकचकीत उंचवटा. आम्ही अर्थातच पंख घेतला. मोटार अठरा वर्षांची. म्हातारपणी तिला एखादा दागिना असावा, एवढाच विचार! दुकानदाराने तो डिंकासारख्या कशानेतरी चिकटवून दिला. परतीच्या वाटेवर निवेदकाच्या आवाजामागे अशी खरखर सुरू झाली की विचारू नये. वेग वाढवावा तो खरखरही वाढावी. नाना एवढेच म्हणाले, "बंद कर ते."

नानांना हे कळत होते, याची आठवण आम्हांस ठेवावयास हवी होती. हैदराबाद संस्थानाचे औरंगाबादेत स्वतःचे नभोवाणी केंद्र होते, ते १९५० साली ऑल इंडिया रेडिओकडे गेले. अशा मुलखात वाढलेल्या नानांनी पुढे आमच्या माळवदावर दोन बांबू रोवून तांब्याची तार ताणली होती. परवान्याचे पैसे पोस्टात भरण्याचे ते दिवस. तार इतकी लांब कशाला, असे आम्ही विचारले, तेव्हा "मोठं झाल्यावर कळेल," हे उत्तर मिळाले होते. मोठे होऊन आम्ही माशाचा पंख घेतला!

स्टेशनाजवळच्या विजेच्या कारागिराने तो पंख नखाने उचकटला आणि हसून म्हणाला, "साहेब, काडी कुठंबी लावा, पण तिला पाय ठेवाया पत्रा पाहिजे." यात सारे शास्त्र आले. एफ. एम. प्रक्षेपण १०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. तेथे लहरीची लांबी ३ मीटर, तिचा चतुर्थांश ७५ सेंटीमीटर. तेवढी काडी टपाच्या मध्यभागी उभी केली की खालचा पत्रा तिचा न दिसणारा दुसरा अर्धा भाग होतो. मध्यम लहरींची गोष्ट निराळी. १००० किलोहर्ट्झला चतुर्थांशच ७५ मीटर भरतो. तेवढा खांब टपावर घेऊन कोण प्रवासास निघणार? नानांची लांब तार आम्हांस तेथे, त्या उन्हात, पन्नास वर्षांनी कळली. खरखरीचे कारणही तेच. पेट्रोलच्या इंजिनातील ठिणग्यांचा गोंगाट सतत बाहेर पडत असतो. तारेचे जाळीदार वेष्टन पत्र्यास घट्ट भिडलेले नसले की तो रेडिओत शिरतो.

टपास भोक पाडावे लागेल, असे कारागीर म्हणाला तेव्हा आमचा जीव कासावीस झाला. आतून आवाज आला, "पाडू दे." मग त्याने आतल्या बाजूचा रंग खरवडून पत्रा उजळ केला, दातेरी चकती घालून नट आवळला आणि पावसासाठी वर रबर बसविले. पंखाच्या किमतीच्या पाव भागात सारे आटोपले.

पुढच्या मंगळवारी गाडी लासूरबाहेर पडताच एका भजनाचे शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येऊ लागले. आम्ही विजयी मुद्रेने नानांकडे पाहिले. ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी हात पुढे करून आवाज बारीक केला आणि वर्षभरात प्रथमच विचारले, "डॉक्टर तुला बाजूला घेऊन काय म्हणाले होते?"

आम्ही गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.